दवाखान्यामागचा जिना

मास्तरने ब्रेक दाबून धाकटीचा जबडा मोडला, त्या दुपारी ताई एका चुंबनावर अडून बसली होती. नायक दार तोडून आत आला होता, नायिका भिंतीला टेकून उभी होती, आणि काही केल्या दोघांचे ओठ जुळेनात. चुंबनं लिहून लिहून ताईचा हात बसला होता, तरी अधूनमधून एखादं असं नाठाळ निघायचंच. तेवढ्यात फोन वाजला. तोंडात बोळा कोंबल्यासारखं कुणीतरी रडत बोलत होतं आणि त्यातला "आई" एवढाच शब्द कळत होता. आई तर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. चुकीचा नंबर म्हणून ताई फोन ठेवणार, इतक्यात तिच्या डोक्यात उजेड पडला. ही धाकटी होती आणि ती "ताई" म्हणत होती. त म्हणायला जीभ दातांना लावावी लागते, आणि पुढचे दात जागेवर राहिले नव्हते.

ताई प्रेमकथा लिहायची आणि स्वतःच छापायची. छापायची म्हणजे काय, लिहायची ती, तपासायची ती, मुखपृष्ठ जुळवायची ती, इंटरनेटवर चढवायची ती, आणि कुणी वाईट अभिप्राय टाकला की रडायचीही तीच. प्रकाशकांनी तिला कधी दारात उभं केलं नव्हतं. बंद करून घेतलेल्या बाल्कनीत, धुण्याच्या मशीनला खेटून तिचं टेबल होतं. मशीन फिरायला लागलं की नायक-नायिका दोघंही थरथरायची. मुखपृष्ठावरचा उघड्या छातीचा पुरुष तिने विकत घेतला होता. तोच पुरुष इतर लेखिकांच्या मुखपृष्ठांवर भलत्याच बायकांना मिठ्या मारताना दिसायचा, मेल्याला लाज म्हणून नव्हती. ताईने लग्न केलं नव्हतं. आईवडिलांमागे धाकटीला वाढवलं आणि उरलेला वेळ नायकांना दिला.

तिची एक खोड होती. बोलताना तिच्याकडून कुणाचं गुपित फुटायचं नाही, पण लिहायला बसली की तोंडात तीळ भिजत नसे. जे दिसलं ते पुस्तकात गेलंच म्हणून समजा. मैत्रिणीचं स्वयंपाकघर, शेजारणीचा खोकला, बँकेतल्या बाईची अंगठी, सगळं. आई गेली त्या दिवशी तिने आधी पोटभर रडून घेतलं आणि मग खोलीत खुर्ची नेमकी कुठे होती ते आठवून ठेवलं. पुढे ती खुर्ची एका नायिकेच्या कामी आली. आपण कुणाचं काही चोरतो असं तिला कधी वाटलंच नाही.

मास्तरही असाच पुस्तकात गेलेला. तो गाडी शिकवायचा. धाकटी त्याच्याकडे शिकायला गेली आणि पहिल्याच चढावर तिची गाडी बंद पडली. मागे भोंग्यांचा गोंधळ, धाकटीला दरदरून घाम. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "घाबरू नका. ब्रेक माझ्याही पायाखाली आहे." शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तेवढंच त्याला म्हणायचं होतं. पण धाकटी घरी आली ती कान लाल करून, आणि ताईने ते वाक्य तिच्या तोंडून गळायच्या आत झेललं. ती कादंबरी तुफान चालली. वाचकिणी ते वाक्य एकमेकींना पाठवायला लागल्या. धाकटीने लग्न मास्तरशी केलं, पण अर्धी वरात त्या वाक्याची होती.

तेव्हापासून मास्तर ताईचं प्रत्येक पुस्तक आल्या दिवशी वाचून काढायचा. स्वतःला शोधायचा त्यात. "ताई, या खेपेला शर्ट माझा घेतलात. आणि तो जिना तुमच्या जुन्या शाळेचा," असं म्हणायचा आणि ते बरोबर निघायचं. गाडी शिकवून शिकवून गावातली एकूणएक गल्ली त्याच्या पायाखालची झाली होती, त्यामुळे तिने कितीही रंगरंगोटी केली तरी तो मूळ घर ओळखायचा. ताई हरखून जायची. इतकं बारकाईने वाचणारा माणूस घरातच मिळाला म्हणून तिला त्याचं कोण कौतुक.

त्याने धाकटीवर हात कधीच उगारला नाही. त्याची तऱ्हा वेगळी होती. शिकाऊ मुलांशी हसली, भाजीत मीठ कमी पडलं, फोन उशिरा उचलला, की तो शांतपणे म्हणायचा, "चल, सराव करू." तिला गाडी चालवायला बसवायचा आणि पट्टा काढायला लावायचा. रस्ता मोकळा मिळाला की म्हणायचा, वेग घे. मग आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा. पहिल्यांदा ओठ फाटला. मग दात पडला. मग छातीची बरगडी. "बघ, लक्षच नव्हतं तुझं," असं म्हणून तो स्वतःच्या रुमालाने तिचं तोंड पुसायचा. धाकटी ताईला सांगायची, सराव करताना लागलं. आणि ताई, जी माणसांचे श्वास मोजून कादंबऱ्या लिहायची, ती म्हणायची, "अगं, बघून चालवत जा ना जरा."

जबडा दोन ठिकाणी मोडला तेव्हा मात्र ताईच्या डोळ्यांवरची झापड उडाली. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने आवळून बांधले. धाकटीने कागद मागून घेतला आणि आडव्यातिडव्या अक्षरांत चारच शब्द लिहिले: पट्टा तोच काढायला लावतो. ताई तडक चौकीत गेली. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन बाजूला ठेवलं. "गाडी शिकताना लागलं, दुसरं काय? माझ्या मुलीला त्यांनीच शिकवलीय गाडी. सोन्यासारखा माणूस आहे."

मास्तर रुग्णालयात फळं घेऊन आला. जिचे दात बांधलेले आहेत तिच्यासाठी सफरचंदं. तिच्या केसांवरून हात फिरवत तो ताईला म्हणाला, "बरी झाली की घेऊन जातो. माझ्यापासून पळून जाईल कुठे?" हे वाक्य तिचं होतं. तिच्या प्रत्येक पुस्तकात नायक शेवटाकडे हेच बोलायचा, आणि वाचकिणी त्याखाली बदामांचा पाऊस पाडायच्या.

ताईची एक बालमैत्रीण जनावरांची डॉक्टर होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तीव्र उताराच्या रस्त्यावर तिचा दवाखाना होता आणि वर एक रिकामी खोली. "आणून टाक तिला," मैत्रीण म्हणाली. "माझ्याकडचे पेशंट कुणाला काही सांगत नाहीत." मास्तर शिकवणीत अडकलेला असताना दोघींनी धाकटीला रुग्णालयाच्या मागच्या दाराने काढलं आणि तिथे नेऊन ठेवलं. कुणाला पत्ता नाही, फोन बंद. धाकटीने आयुष्यात मागितली होती ती एवढीच गोष्ट, की तो जिथे नाही अशी एक खोली असावी.

खोली मोठी नामी होती. मागच्या बाजूने लोखंडी जिना, त्याची मधली पायरी सैल, पाय पडला की खणकन वाजायची. फिनेलचा वास. खिडकीतून समोर टायरचं दुकान आणि तो उतार, जिथे सगळ्या गावाची शिकाऊ मंडळी हँडब्रेक शिकायला यायची. खाली पायरी वाजली की पिंजऱ्यातली कुत्री एकदम भुंकायची. ताई पातळ खिमट घेऊन जायची, धाकटी ते नळीने ओढायची, आणि ताईचे डोळे मेले खोलीभर फिरत राहायचे.

इकडे पुस्तकाची तारीख डोक्यावर आली. वाचकिणींनी आगाऊ मागणी नोंदवलेली, आणि तारीख चुकवणाऱ्या लेखिकेला पुस्तकं विकणारं संकेतस्थळ वर्षभर दाराबाहेर ठेवायचं. चुंबन तसंच अडलेलं. खिमट देऊन परतलेली ताई एका सकाळी टेबलाशी बसली आणि सवयीने तिची बोटं चालायला लागली. नायिका दवाखान्यावरच्या खोलीत लपलेली. फिनेलचा वास. नायक उताराने आला, लोखंडी जिना चढला, मधली पायरी वाजली, कुत्री भुंकली, त्याने दार तोडलं, तिचं मनगट धरलं. ओठ चटकन जुळले. पुस्तक आठवड्यात संपलं आणि ताईला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकायला हवं.

पुस्तक चढवायच्या आदल्या दिवशी तिला भान आलं. तिने शहाणपणा केला, म्हणजे तिला तसं वाटलं. दवाखान्याची बेकरी करून टाकायची ठरवली. संगणकाला सांगितलं की हा शब्द शोध आणि तो घाल. याही कामात ती एकदा पोळली होती. मागे एका कादंबरीतल्या मामाचा तिने काका केला, तर "तो दिवसभर कामामागे धावत होता" या वाक्यातलाही मामा संगणकाने पकडला, आणि पुस्तक बाजारात गेलं ते "तो दिवसभर काकाकागे धावत होता" असं. वाचकिणींनी वर्षभर पिच्छा पुरवला, हा काकाका नात्याने कोण लागतो म्हणून. तेव्हापासून ती "फक्त पूर्ण शब्द" या चौकटीत खूण करायला विसरत नसे. आपल्या भाषेचा शब्द काही एका जागी उभा राहत नाही, त्याला शेपट्या फुटतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने दवाखाना बदलला, दवाखान्यात बदलला, दवाखान्याच्या, दवाखान्यावर, दवाखान्यातून, एकेक रूप आठवून आठवून बदललं. संगणक दर वेळी म्हणाला, झालं. टायरचं दुकान आणि उतार तिने राहू दिला. टायरची दुकानं काय, कुठेही असतात. कुत्र्यांकडे तर तिचं लक्षच गेलं नाही.

पुस्तक आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हात चोळत अभिप्राय वाचायला बसली. पहिल्याच बाईने पाच तारे देऊन विचारलं होतं, "कथा झकास, पण ताई, बेकरीत एवढी कुत्री कशाला हो?" ताईला खुदकन हसू आलं. खरंच की, कुत्री राहून गेली. हसत हसत ती खाली सरकली. पुढचा अभिप्राय नुकताच पडलेला होता. त्यालाही पाच तारे होते.

"जिना आवडला. दवाखान्यामागचा. ब्रेक माझ्याही पायाखाली आहे."

ताईने पुस्तक उघडलं. जिन्याचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं, दवाखान्यामागच्या लोखंडी जिन्याने तो वर चढला. दवाखान्यामागच्या. हे एक रूप तिला आठवलं नव्हतं, आणि पूर्ण शब्दच बघ असं बजावलेल्या संगणकाने ते सरळ ओलांडलं होतं.

मैत्रिणीचा फोन कुणी उचलेना. ती कुत्रीच्या पोटात हात घालून उभी असायची तेव्हा जगबुडी झाली तरी उचलायची नाही. धाकटीचा फोन बंद, बंद ठेव म्हणून ताईनेच बजावलेलं. ताई घरातल्या चपलांवर धावत सुटली. टॅक्सीत ती ड्रायव्हरच्या खांद्याला इतकी नखं रोवून बसली की तो बिचारा उतार यायच्या आधीच तिला उतरवून पळाला.

दवाखान्यासमोर, उताराला तोंड करून मास्तरची गाडी उभी होती. टपावर "शिकाऊ"ची पाटी. पुढे चार पावलांवर विजेचा खांब. कुत्री जीव खाऊन भुंकत होती. ताई मागे धावली. वरचं दार एका बिजागरीवर लोंबकळत होतं, आणि जिन्यावरून मास्तर खाली येत होता. धाकटीची वेणी त्याने हाताला गुंडाळून घेतली होती. ती उलटी, पाठीवर, पायरीपायरीवर आपटत त्याच्यामागून येत होती. तिच्या दातांच्या तारांमधून रक्ताचे बुडबुडे येत होते. मास्तरचा अर्धा चेहरा भाजून लाल झाला होता.

"या ताई," तो म्हणाला. त्याला धापसुद्धा लागली नव्हती. "तुम्ही लिहिलंत तस्संच आलो बघा. मागच्या जिन्याने. दारही तोडलं. पण तुमची नायिका गळ्यात पडते हो. हिने किटलीतलं उकळतं पाणी तोंडावर ओतलं."

"सोडा तिला."

"हे वाक्य तुमच्या पुस्तकात कुठेच नाहीये," मास्तर म्हणाला.

ताईने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि जिना अडवला. त्याने तिचं मनगट धरलं. तिच्या प्रत्येक नायकाने हे केलेलं होतं, आणि दर वेळी नायिकेच्या अंगातून वीज जायची, श्वास अडायचा. त्याने ते शांतपणे मागे वाकवलं, पेन्सिल मोडावी तसा आवाज झाला, आणि ताईच्या तोंडून जनावरासारखी किंकाळी निघाली. ती पायऱ्यांवर कोसळली. तो तिच्या पोटावर पाय देऊन पुढे गेला. तिने उरलेल्या हाताने त्याच्या पायाला मिठी मारली आणि पँटवरून पोटरीत दात रोवले. कापड फाटलं, मांस दातात आलं, तोंडात रक्त आलं. त्याने दुसऱ्या पायाने तिच्या कपाळावर टाच हाणली. एकदा, मग पुन्हा, मग आणखी एकदा, तिची मिठी सुटेपर्यंत.

कपाळावरून ओघळणाऱ्या रक्ताने तिला एकाच डोळ्याने दिसत होतं. गुडघ्यांवर सरपटत ती कोपऱ्यापर्यंत आली. टायरच्या दुकानातली माणसं दारात येऊन उभी होती. मास्तर त्यांच्याकडे बघून हसला. "शिकताना घाबरली हो. रोजचंच आहे." त्याने गाडीचं दार उघडलं आणि धाकटीला चालवायच्या जागेवर कोंबलं. "तूच चालवत घरी ने. म्हणजे कुणी म्हणायला नको, ओढून नेली. आणि पट्टा लावायचा नाही."

तिच्यावरची नजर हटू नये म्हणून तो गाडीच्या पुढून वळसा घालून आपल्या बाजूला निघाला.

धाकटीने मान वळवली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, दुसऱ्याने तिने जमिनीवरच्या ताईकडे पाहिलं. मग तिने पट्टा ओढला आणि लावला. काचेतून ते मास्तरला दिसलं. तो बॉनेटसमोर थांबला. बॉनेटवर हात आपटून ओरडला, "काढ! पट्टा काढ म्हणतोय ना!" उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. क्लच दाबला की ती मोकळी होते, हेही त्यानेच. धाकटीने क्लच दाबला आणि हँडब्रेक खाली सोडला. दुसऱ्या ब्रेकवर त्या वेळी कुणाचाच पाय नव्हता.

गाडीने त्याला ढकलत नेलं आणि खांबाला लावलं. गुडघ्यांच्या खाली हाडं मोडल्याचा आवाज ताईला कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. तो बॉनेटवर पालथा पडून ओरडायला लागला, आणि आत धाकटी पट्ट्यात ताठ बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने ब्रेक दाबला नाही. टायरवाल्यांनी धावत येऊन गाडी मागे ढकलली तेव्हा तो खाली घसरला आणि त्याचा एक पाय भलतीकडेच वळून पडला. मैत्रीण रक्ताळलेल्या हातमोज्यांनिशी बाहेर आली. "माणसांचं मला येत नाही," असं पुटपुटत तिने त्याच्या मांडीला कुत्र्याचा पट्टा आवळला आणि रक्त थांबवलं. ताईचं मनगटही तिने कुत्र्यांच्या मोडक्या पायांना लावायच्या फळीलाच बांधलं.

चौकीतले साहेब आले. त्यांनी खांब पाहिला, गाडी पाहिली, टपावरची पाटी पाहिली. धाकटीला विचारलं, तिने तारांनी बांधलेले दात दाखवले. टायरवाले म्हणाले, बाई घाबरल्या होत्या, मास्तरच म्हणाले तसं. मग साहेब ताईकडे वळले. ताईने सांगितलं, मला काही दिसलं नाही, डोळ्यांत रक्त होतं. आईच्या खोलीतली खुर्ची जिच्या नजरेतून सुटली नव्हती, तिने आयुष्यात पहिल्यांदा काही पाहिलं नव्हतं. साहेबांनी उसासा टाकला आणि लिहिलं, गाडी शिकताना लागलं.

मास्तर जगला. एक पाय गुडघ्याखाली कापला, दुसरा वाकत नाही. धाकटीने घर सोडायचं ठरवलं. गावही. निघायच्या दिवशी तिने बॅग भरली आणि ताई प्लास्टरमधला हात घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिली.

"कुठे चाललीस, तेवढं तरी सांग," ताई म्हणाली.

"नाही सांगणार." तार अजून सुटायची होती, शब्द दातांतून चिरडून यायचे.

"मी नाही लिहिणार गं. तुझी शपथ."

"लिहिशील. तुला कळणारही नाही लिहिलंस ते." धाकटीने बॅगेची चेन ओढली. "मला राग नाही आलेला ताई. पण तू खिमट घेऊन यायचीस ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघायचे, आणि तू खिडकीकडे. माझं मोडलेलं तोंड तू लिहिलं नाहीस. खोली लिहिलीस. खोली बरी वाटली तुला."

"मी बदललं होतं. सगळं बदललं होतं मी."

"माहितेय. बेकरी," धाकटी म्हणाली. तिने ताईला मिठी मारली, मोडका हात सांभाळून, आणि गेली.

ताई अजून लिहिते. दुसरं काही येत नाही. आताच्या तिच्या खोल्या कुठेच नसतात, जिने वाजत नाहीत, नायक दार वाजवतात आणि बाहेर उभे राहतात. वाचकिणी कुरकुरतात, पूर्वीची मजा राहिली नाही म्हणतात, निम्म्या तर सोडूनच गेल्या. एक वाचक मात्र सोडत नाही. पुस्तक आलं की दुपारच्या आत त्याचे पाच तारे पडतात, आणि खाली एकच शब्द असतो: वाचतोय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वेळच वेळ असतो, आणि त्याला भाऊ आहेत, मित्र आहेत, चालते पाय असलेली कितीतरी माणसं आहेत. म्हणून ताई प्रत्येक पुस्तक चढवण्याआधी शब्द न् शब्द बोटाने तपासते. संगणकावर विश्वास ठेवत नाही. स्वतःवर तर मुळीच नाही.

अधूनमधून फोन येतो. दर वेळी वेगळा नंबर. नवे दात बसवल्यापासून धाकटीचं त पुन्हा नीट उमटतं, जबडा मात्र जरा वाकडा जुळलाय, हसली की आवाजातही कळतं. मागच्या खेपेला ती अशीच काहीबाही बोलत होती, हवापाणी, गुडघे, आणि तिच्या मागे एक आवाज आला. थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. तो आवाज ऐकताच तिला खोली दिसली, खोलीखालचं काम दिसलं, खिडकी कुठल्या बाजूला उघडत असेल तेही कळलं. हात आपणहून टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला, आणि मोडून जुळलेल्या मनगटातून कळ सणसणत खांद्यापर्यंत आली.

"ताई," धाकटी बोलणं मध्येच तोडून म्हणाली, "काही ऐकू येतंय का गं तिकडे?"

"नाही गं," ताई म्हणाली. "काही नाही. तू बोल."

तो आवाज कसला होता हे तिने आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. त्यामुळे तो इथेही नाही.